काउंटरवरची पहिली चाचणी

ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेकडच्या रस्त्याला कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग म्हणतात. गिऱ्हाईक मात्र अजूनही लॅमिंग्टन रोडवरच जाते. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनचे नाव आज कुणाच्या तोंडी उरले असेल, तर ते रेझिस्टर, ट्रान्झिस्टर आणि आयसी शोधत हिंडणाऱ्यांच्या. पुण्यात हेच काम बुधवार पेठेतली तपकीर गल्ली आणि पासोड्या विठोबाचा परिसर करतो, दिल्लीत लाजपतराय मार्केट, बंगळुरूत एस. पी. रोड, चेन्नईत रिची स्ट्रीट. या सगळ्या बाजारांत माल बहुतेक सुटा विकला जातो. खणातून काढायचा, मोजायचा, प्लास्टिकच्या छोट्या पिशवीत घालून काउंटरवर ठेवायचा. वेष्टणावर कमाल किरकोळ किंमत छापण्याची सक्ती २०११ च्या वैधमापन नियमांनी केली आहे, पण ती वेष्टणातल्या मालासाठी. त्यामुळे बिस्किटाचा पुडा घेणाऱ्याला निदान वरची मर्यादा छापील मिळते. चाळीस रुपयांचा आयसी घेणाऱ्याला तीही मिळत नाही. त्याला भाव कळतो तो विचारल्यावरच. म्हणून ‘आधी भाव काढा, मग घ्या’ हा सल्ला या गल्ल्यांत पिढ्यान्‌पिढ्या दिला जातो, आणि त्याचा अर्थ सर्रास असा घेतला जातो की चार दुकाने फिरा आणि सगळ्यांत स्वस्त देईल त्याच्याकडून घ्या. हा अर्थ अर्धाच आहे, आणि कधी कधी तो चक्क नुकसान करतो, असे माझे म्हणणे आहे. या धंद्यात भाव आधी काढायचा तो समोर ठेवलेला नग खरोखर काय आहे हे ओळखण्यासाठी. चार रुपये वाचले तर ती वरकड कमाई.

उदाहरणादाखल एकच वस्तू नीट पाहू. एलएम२५९६ नावाचा व्होल्टेज उतरवणारा आयसी असतो. बारा व्होल्टचे पाच व्होल्ट करायचे तर हौशी मंडळी आणि दुरुस्तीवाले डोळे झाकून त्याचे तयार मॉड्यूल उचलतात. काडेपेटीच्या आकाराची पट्टी, तिच्यावर मधोमध आयसी, शेजारी तांब्याच्या तारेचे वेटोळे असलेला इंडक्टर, दोन टोकांना दोन कपॅसिटर, एक डायोड, आणि पितळी स्क्रू असलेला निळा पोटेन्शिओमीटर, जो फिरवून व्होल्टेज जुळवायचे. हे सगळे मिळून किरकोळीत साठ-सत्तर रुपयांच्या आसपास मिळते. खरा एलएम२५९६ आज बनवते ती टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स. तिच्या अधिकृत वितरकाकडे नुसत्या एका आयसीचा भाव पाहिला तर तो काही शे रुपयांच्या घरात निघतो. कारखाना एकेक नग घेत नाही, हजारांनी घेतो, हे खरेच. पण हजाराच्या दराने धरला तरी नुसता आयसी अख्ख्या पट्टीपेक्षा महागच राहतो. मग इंडक्टर, कपॅसिटर, पट्टी, जोडणीची मजुरी, जहाजाचे भाडे, आयातदाराचा आणि दुकानदाराचा नफा कुठून निघाला? कुठूनच नाही. पट्टीवरचा आयसी दुसराच आहे, एवढाच निष्कर्ष उरतो. मोजमाप करणाऱ्यांना तेच आढळले आहे. खऱ्या एलएम२५९६ ची स्विचिंगची गती सेकंदाला दीड लाख वेळा असते. स्वस्त पट्ट्यांवरच्या आयसींची अनेकदा त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास भरते. गती कमी, इंडक्टर मात्र तेवढाच. परिणामी आउटपुटमध्ये लहर वाढते, पट्टी तापते, आणि कागदावरचे तीन अँपिअर प्रत्यक्षात मागितले की ती माना टाकते. ऑसिलोस्कोप नसलेल्या माणसाला हे काउंटरवर उभे राहून कसे कळावे? गती मोजून नाहीच कळणार. पण घरून निघताना त्याने मूळ आयसीचा भाव पाहिला असता, तर साठ रुपये हा आकडा ऐकताक्षणी त्याला उत्तर मिळाले असते.

याचा अर्थ ती पट्टी घेऊच नये असा नाही. एलईडीची माळ चालवायची असेल, अर्धा अँपिअर लागणार असेल, तर ती पट्टी वर्षानुवर्षे काम करेल आणि साठ रुपयांत ती स्वस्तच पडली. पण घरातल्या राउटरला किंवा सीसीटीव्ही कॅमेऱ्याला तीच जोडून अडीच अँपिअर ओढायचे ठरवले, तर तेच साठ रुपये महाग पडतात. शिवाय चीनमधल्या काही कंपन्या याच धाटणीचे आयसी स्वतःच्या नावाने उघडपणे बनवतात आणि स्वस्त विकतात. त्यात लबाडी काही नाही. लबाडी सुरू होते ती दुसऱ्याचा शिक्का मारला की. भाव आधी ठाऊक असलेला माणूस ‘हे ओरिजिनल आहे का?’ असे विचारत नाही, कारण त्या प्रश्नाला या बाजारात एकच उत्तर मिळते. तो विचारतो, ‘कोणत्या कंपनीचे आहे, आणि किती अँपिअरला चालवू?’ या प्रश्नाला चांगला दुकानदार खरे उत्तर देतो, बहुधा न कचरता.

सर्वात ढळढळीत पुरावा लिथियमच्या १८६५० सेलचा. अठरा मिलिमीटर व्यास आणि पासष्ट मिलिमीटर लांबी, म्हणून १८६५०. एवढ्या जागेत किती ऊर्जा मावते याला रसायनशास्त्राची मर्यादा आहे. नामांकित कंपन्यांचे चांगले सेल ३५०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास थांबतात. तरी टॉर्चच्या दुकानांत ९८०० आणि ९९०० लिहिलेले सेल खऱ्या ३५०० वाल्यापेक्षा निम्म्याहून कमी भावात मिळतात. तिप्पट माल अर्ध्या किमतीत, हे गणित शाळकरी पोरालाही खटकावे. खरा सेल साधारण पंचेचाळीस ते पन्नास ग्रॅम भरतो. बनावट पुष्कळदा हलका लागतो, आणि काही सेल कापून पाहणाऱ्यांना आत लहानसा सेल आणि बाकी भुकटी सापडली आहे. कपॅसिटरांतही मोठ्या डब्यात छोटा डबा घालून वर मोठा आकडा छापल्याचे नमुने मिळाले आहेत. डीएस१८बी२० या तापमान मोजणाऱ्या सेन्सरचे, विशेषतः स्टीलच्या नळीत बसवून विकल्या जाणाऱ्या रूपाचे, इतके नकली नग बाजारात आहेत की मूळ कंपनीचा नग त्यांच्या कित्येक पट महाग असतो हेच अनेकांना माहीत नसते. शेततळ्याचे किंवा उबवणीयंत्राचे तापमान मोजताना अंश-दोन अंशांची चूक झाली की दोष शेवटी जातो प्रोग्रॅम लिहिणाऱ्या विद्यार्थ्याच्या माथी.

अर्थशास्त्रात या सगळ्याचा विचार जुनाच आहे. जॉर्ज स्टिगलर यांनी १९६१ साली माहितीच्या अर्थशास्त्रावर निबंध लिहिला आणि मांडले की एकाच वस्तूच्या किमतींत दुकानागणिक जी तफावत दिसते ती बाजारातल्या अज्ञानाचे माप असते. गिऱ्हाइकाने शोध तोवरच चालू ठेवावा, जोवर आणखी एक दुकान फिरण्याच्या खर्चापेक्षा अपेक्षित बचत जास्त आहे. चार दुकाने फिरा म्हणणारे नकळत स्टिगलरचेच शिष्य. पण त्या हिशेबात एक गृहीत दडलेले आहे: चारही दुकानांतली वस्तू एकच आहे. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली नेमके हेच गृहीत काढून घेतले. विकणाऱ्याला मालाची प्रत ठाऊक आणि घेणाऱ्याला नाही, अशा बाजारात चांगल्या-वाईटाला सरासरी भाव मिळतो, चांगला माल विकणाऱ्याला तो परवडत नाही, तो बाजूला होतो, आणि मागे उरतो तो कचरा. देवगडच्या पेटीत परप्रांतातला आंबा भरून विकला जातो तेव्हा देवगडच्या बागायतदाराचे जे होते, तेच खरा आयसी ठेवणाऱ्या दुकानदाराचे होते. म्हणजे फक्त कमी आकड्याच्या मागे धावणारे गिऱ्हाईक स्वतः फसते तर फसतेच, वर प्रामाणिक दुकानदारालाही बनावट माल ठेवायला भाग पाडते. मला या प्रकरणात सर्वांत उपयोगी वाटतात ते मात्र अर्थशास्त्रज्ञ नव्हेत, मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ. मोरोक्कोतल्या सेफ्रू गावच्या बाजाराचा अभ्यास करून त्यांनी १९७८ साली लिहिले की जिथे माल एकजिनसी नसतो, तिथे मुरलेले गिऱ्हाईक दहा दुकानदारांना एकेक प्रश्न विचारत नाही. एकाच दुकानदाराला दहा प्रश्न विचारते. लॅमिंग्टन रोडला हे जसेच्या तसे लागू पडते. नावाला एकच असलेला ‘५५५’ हा टायमर आयसी प्रत्यक्षात अनेक वस्तू असतो, आणि म्हणून शोध लांब नव्हे, खोल न्यावा लागतो.

हे ५५५ चे उदाहरण पुढे नेण्यासारखे आहे. हान्स कॅमेन्झिंड यांनी सिग्नेटिक्स कंपनीसाठी रचलेला हा टायमर १९७२ साली बाजारात आला आणि आजही प्रत्येक डिप्लोमाच्या प्रयोगशाळेत असतो. ‘५५५ केवढ्याला?’ असे चार दुकानांत विचारले तर चार आकडे येतील, आणि चारही बरोबर असतील. पाय असलेला की पट्टीवर चिकटवायचा? शून्य ते सत्तर अंशांत चालणारा एनई५५५, की उणे पंचावन्न ते एकशे पंचवीस अंश सोसणारा एसई५५५? जुन्या बायपोलर जातीचा, की कमी वीज खाणारा सीमॉस जातीचा टीएलसी५५५? एक नग, की पन्नासाची अख्खी नळी? ७४ मालिकेतल्या लॉजिक गेटांच्या आयसींचे तसेच. एचसी आणि एचसीटी यांत एका अक्षराचा फरक, पण त्यांच्या इनपुटला ‘एक’ वाटणारे व्होल्टेज वेगळे, आणि जुन्या टीटीएल सर्किटला एचसी लावला तर ते कधी चालते, कधी नाही. अर्धवट नावाने विचारलेला भाव म्हणजे भावच नव्हे. डेटाशीट उघडून पूर्ण क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत लिहून घेणे, सोबत कंपनी आणि नगांची संख्या लिहिणे, आणि तीच यादी दोन-तीन दुकानांना व्हॉट्सॲपवर पाठवणे, यात अर्धा तास जातो. पण मग आलेल्या उत्तरांची तुलना करता येते. उत्तर देताना ‘या अक्षराचा नाही, दुसऱ्या अक्षराचा आहे, चालेल का?’ असे उलट विचारणारा दुकानदार हाती लागला, तर त्याचा भाव पाच रुपयांनी जास्त असला तरी माल त्याच्याकडूनच घ्यावा.

भावात कर धरला आहे की नाही, हा पुढचा प्रश्न. बहुतेक सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे. इंटिग्रेटेड सर्किटांवर, म्हणजेच आयसींवर, मूळ आयात शुल्क नाही, कारण माहिती-तंत्रज्ञानाच्या वस्तूंबाबतच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत १९९७ सालीच सामील झाला. आयातीवरचा एकात्मिक जीएसटी मात्र सुटत नाही. काउंटरवर ‘बिलासह एवढे, बिलाशिवाय एवढे’ असे दोन आकडे ऐकू येतात आणि दुसरा आकडा मोहात पाडतो. समजा शंभराचा माल बिलासह ११८ ला आणि कच्च्या पावतीवर १०८ ला मिळतो. जीएसटी नोंदणी असलेल्या छोट्या उद्योजकाला ते अठरा रुपये पुढे वजा मिळतात, म्हणजे त्याला खरी किंमत शंभरच पडते. कच्च्या पावतीने तो आठ रुपये जास्त देऊन करचुकवेगिरीत भागीदार होतो. विद्यार्थ्याला किंवा हौशी माणसाला वजावट नाही, त्याला दहा रुपये खरोखर जास्त मोजावे लागतात. पण त्या दहा रुपयांत तो पुरावा विकत घेतो. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू आहे. बिल न देणे ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. सदोष माल परत घ्यायला बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलीच नसेल तर तीस दिवसांत, नकार देणे हीसुद्धा. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही भिंतीवरची पाटी त्या कायद्यापुढे टिकत नाही. धंद्यासाठी खरेदी करणारा एरवी या कायद्याने ग्राहक ठरत नाही, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार करणारा ठरतो. म्हणजे टेबल टाकून मोबाइल आणि मिक्सर दुरुस्त करणारा कारागीरही ठरतो. हे सगळे मिळते ते बिल हातात असेल तर.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप सरळ आहे: रुपया-दोन रुपयांच्या रेझिस्टरसाठी कुणी एवढा खटाटोप करायचा? कुणीच नाही. स्टिगलरचा हिशेब इथे पुरतो; पाव वॉटचे रेझिस्टर, जोडतारा, साधे एलईडी डोळे मिटून घ्यावेत. जो भाग बिघडल्यावर इतर भाग जाळतो किंवा ज्याच्यावर मोजमाप अवलंबून आहे, त्याचाच भाव काढावा: रेग्युलेटर, पॉवर ट्रान्झिस्टर, सेल, सेन्सर, पॉवर सप्लायमधले कपॅसिटर.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. स्वस्त म्हणजे संशयास्पद म्हणता, मग महाग म्हणजे खरे का? मुळीच नाही. २०२१ सालच्या चिपटंचाईत साध्या मायक्रोकंट्रोलरांचे भाव नेहमीच्या अनेक पटींनी चढले आणि त्याच काळात खोडून पुन्हा छापलेल्या नगांचा सुळसुळाट झाला. महाग भावानेच बनावट मालाला आमंत्रण दिले. उलट बाजूने, स्वस्त म्हणजे बनावट असेही नाही. आर्डुइनोचा आराखडा पहिल्यापासून खुला आहे. दुसऱ्या कुणी त्याबरहुकूम बोर्ड बनवून स्वतःच्या नावाने चौथाई भावात विकला, तर तो राजरोस व्यवहार आहे, आणि यूएसबीसाठी साधी सीएच३४० चिप वापरल्याने तो स्वस्त का, हेही डोळ्यांनी दिसते. म्हणजे कसोटी एवढीच, की भावातल्या फरकाचे कारण सांगता आले पाहिजे. कमी नगांचा भाव, साधी चिप, जुना साठा, दुसरी कंपनी, ही कारणे झाली. ‘आपल्याकडे असेच मिळते’ हे कारण नव्हे. कारणाविना स्वस्त आणि कारणाविना महाग, दोन्ही तितकेच वाईट.

तिसरा आक्षेप दुरुस्तीवाल्यांचा, आणि त्याला उत्तर देताना जपून बोलायला हवे. गिऱ्हाईक तीनशे रुपयांच्या वर द्यायला तयार नसते. खरा भाग घातला तर हातात काय उरणार? गरिबीला उपदेश करून काही होत नाही. तरी फसवणुकीचा खर्च कुणाच्या डोक्यावर बसतो ते पाहावे. २०१४ साली एफटीडीआय या कंपनीने आपल्या यूएसबी चिपच्या नकला पकडण्यासाठी विंडोजच्या अपडेटमधून असा ड्रायव्हर पाठवला, की नकली चिपचा ओळखक्रमांक पुसला जाई आणि यंत्र संगणकाला दिसेनासे होई. बोंब झाल्यावर ते अपडेट मागे घेतले गेले. पण ज्यांची यंत्रे बंद पडली त्यांतल्या अनेकांनी नकली चिप जाणूनबुजून घेतलीच नव्हती. ती त्यांच्या केबलमध्ये निमूट बसलेली होती. नक्कल करणारा सुटला, मूळ कंपनी सुटली, भुर्दंड शेवटच्या माणसाला. अमेरिकेच्या सिनेटच्या संरक्षणविषयक समितीने २०१२ सालच्या अहवालात लष्करी पुरवठ्यातल्या संशयास्पद भागांची सुमारे १८०० प्रकरणे आणि दहा लाखांहून अधिक नग नोंदवले. तपासणीची एवढी यंत्रणा असलेल्यांची ही गत, तर टेबलवाल्या कारागिराने निदान गिऱ्हाइकाला ‘हा साधा, हा चांगला, फरक एवढ्याचा’ असे दोन भाव सांगून निवड त्याच्यावर सोपवावी. परत आलेला मिक्सर फुकटात दुसऱ्यांदा उघडण्यापेक्षा ते परवडते.

राहिला दुकानदारांचा आक्षेप, आणि तो मला रास्त वाटतो. लोक येतात, माल हाताळतात, पर्यायी क्रमांक विचारून घेतात आणि घरी जाऊन ऑनलाइन मागवतात. दुकानदार पन्नासाची नळी फोडून एक नग देतो, उरलेले एकोणपन्नास पडून राहण्याची जोखीम घेतो, आणि त्याच्या ज्ञानाचे कुणी काही देत नाही. यावर उपाय गिऱ्हाइकाच्याच हाती आहे. प्रकाशित भाव घरून पाहून निघावे आणि दुकानदाराला फुकटचा कॅटलॉग करू नये. ऑनलाइन ऐंशीचा नग सत्तर रुपये कुरियर धरून दीडशेला पडत असेल, तर दुकानातला एकशे दहाचा नग स्वस्त आहे आणि तिथे घासाघीस करणे हा क्षुद्रपणा आहे. नग जास्त लागत असतील तर वेगळा मार्ग महाराष्ट्राला परका नाही. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून सभासदांचे गट करून सामुदायिक खरेदी करत आली आहे. एका वर्गातले चाळीस विद्यार्थी एकच सेन्सर आणि एकच बोर्ड चाळीस वेळा किरकोळ भावाने घेतात. एक यादी, एक पक्के बिल आणि अधिकृत वितरकाकडून एकत्र मागणी, एवढे केले तर खरा माल नकलेच्या जवळपासच्या भावात येऊ शकतो. अभियांत्रिकीच्या महाविद्यालयांनी हे विद्यार्थ्यांवर न सोडता प्रयोगशाळेच्या कामात घ्यायला हवे. प्राध्यापकांच्या सहीने निघालेल्या मागणीला वितरक जो भाव देतो, तो एकट्या विद्यार्थ्याला मिळत नाही.

दिवाळीनंतर प्रकल्पांची आणि दुरुस्त्यांची खरेदी सुरू होईल. जाताना यादीवर पूर्ण क्रमांक आणि मूळ भाव लिहून न्या, आणि बिलावर नुसते ‘आयसी १ नग’ असे न लिहिता कंपनीचे नाव व पूर्ण क्रमांक लिहून मागा. दुकानदार ते लिहून देत असेल तर सांगेल तो भाव द्या. लिहायला तयार नसेल तर नग काउंटरवरच राहू द्या. आणि बिल असूनही सदोष माल परत घेत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.